पुणे ते हॅनोव्हर: पुढच्या सीटची किंमत

१९ सप्टेंबर २०२५, शुक्रवार

रात्री नऊला भोसरीतून निघालो. पुढे ड्रायव्हरशेजारी सुमित, मागे मी. डिकीत माझी एक बॅग आणि त्याच्या दोन. त्याच्या दुसऱ्या बॅगेत कपडे नव्हतेच. डायल इंडिकेटर, टॉर्क रेंच, ॲलन कीचा सेट, ओ-रिंगांची पाकिटं आणि जुन्या सुती साडीचे फडके. जॉब, म्हणजे मशीनवर चढवायचा भाग, पुसायला त्याला तेच लागतात.

आम्ही हायड्रॉलिक फिक्स्चर बनवतो. मशीनवर कास्टिंग घट्ट धरून ठेवायची जी सोय असते, ती आमची. हॅनोव्हरला २२ ते २६ सप्टेंबर ईएमओ हे प्रदर्शन आहे. मशीन टूलवाल्यांची ही पंढरीच म्हणायची. यंदा आमचं एक फिक्स्चर तिथल्या एका मशीनवाल्यांच्या स्टॉलवर लाइव्ह चालणार आहे. ते बसवायचं काम सुमितचं, ते विकायचं माझं.

सतरा वर्षं मी हा प्रवास इकॉनॉमीतून केला. शेवटच्या रांगा, टॉयलेटची दारं, उतरताना बुटात न मावणारे पाय, सगळं पाठ झालंय. एप्रिलमध्ये एक्स्पोर्ट हेड झाले आणि पॉलिसीप्रमाणे लांबच्या प्रवासाला बिझनेस क्लास मिळायला लागला. या वेळी जाताना दुबई ते फ्रँकफर्ट हा टप्पा मी साठलेले माइल्स (विमान कंपनी प्रवासावर देते ते पॉइंट) घालून फर्स्टचा करून घेतला. एकदा तरी स्वतः बघायचं होतं. वर्षातून सात-आठ वेळा उडणारे आमच्या धंद्यातले लोक मला सारखं विचारतात, एवढे पैसे घालण्यात अर्थ आहे का? ऐकीव माहितीवर उत्तर द्यायचा मला कंटाळा आला होता.

आकडे आधीच सांगते. आमच्या तारखांना मुंबई-फ्रँकफर्ट जाऊन-येऊन इकॉनॉमी ६८ हजार, बिझनेस २ लाख ३० हजार, फर्स्ट ४ लाख ८० हजारांच्या आसपास. ऑगस्टमध्ये तिकीट काढलं तेव्हा इकॉनॉमीवर ५ टक्के आणि बिझनेसवर १२ टक्के जीएसटी लागला. येत्या सोमवारपासून बिझनेस-फर्स्टचा दर १८ टक्के होतोय. तिकिटावर कंपनीचा जीएसटी नंबर असेल तर हा कर क्रेडिटमध्ये वळता होतो, त्यामुळे कंपन्यांना त्याची झळ फारशी बसत नाही. नोंदणी नसलेल्या एकट्या कन्सल्टंटला मात्र ती पूर्ण बसते. त्याने तिकीट काढायच्या आधी हा हिशोब नक्की करावा.

खालापूरच्या टोलनाक्याला सुमित म्हणाला, "मॅडम, थोडं झोपून घ्या." मी म्हटलं, "तूच झोप, तुला उद्या काम आहे." दोघंही झोपलो नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

मुंबईहून पहाटेचं विमान. टर्मिनल २ वर बिझनेसची रांग वेगळी, सामान पटकन गेलं, लाउंजमध्ये गरम इडली मिळाली. सुमित इकॉनॉमीच्या रांगेत पाऊण तास उभा होता. मुंबई ते दुबई सव्वातीन तास. टेकऑफ, नाश्ता, ट्रे उचलणं, उतरायची घोषणा, संपलं. सीट पलंगासारखी आडवी होते, पण पाठ टेकून अंगावर पांघरूण घेईपर्यंत वेळ होते उठायची. एवढ्या टप्प्यासाठी कुणी स्वतःच्या खिशातून बिझनेस घेत असेल तर मी हात धरून थांबवीन.

दुबईला टर्मिनल ३ मधला कॉन्कोर्स ए हा खास एअरबस ए३८० या दुमजली विमानासाठी बांधलेला भाग आहे, २०१३ मध्ये सुरू झालेला. फर्स्टवाल्यांना तिथे अख्खा एक मजला. मी आत गेले आणि पंधरा मिनिटांत बाहेर आले, कारण सुमित गेटजवळच्या खुर्चीवर बॅग मांडीवर घेऊन बसला होता. त्याला फोनवर बातमी दिसली होती. हीथ्रो, ब्रसेल्स, बर्लिन इथली चेक-इनची यंत्रणा सायबर हल्ल्याने ठप्प झाली होती आणि लोक हाताने लिहिलेले बोर्डिंग पास घेऊन उभे होते. आम्ही फ्रँकफर्टला जात होतो म्हणून वाचलो.

मग विमानात शिरायची वेळ आली आणि आमच्या वाटा खरोखरच वेगळ्या झाल्या. एमिरेट्सच्या या ए३८० मध्ये फर्स्ट आणि बिझनेस वरच्या मजल्यावर, खालचा मजला सगळा इकॉनॉमीचा, एका रांगेत दहा जण, तीन-चार-तीन. सुमितची सीट त्या चारातली मधली. मी वर, तो खाली.

फर्स्टमध्ये १४ केबिन. प्रत्येकीला सरकतं दार. दार लावलं की उंचीने ते छतापर्यंत जात नाही, पण बसलेल्या माणसाला बाहेरचं कुणी दिसत नाही. छोट्या पितळी किटलीतून अरबी काव्हा, म्हणजे कॉफी, आला, सोबत खजूर. काव्ह्याला वेलदोड्याचा वास होता. मला आईच्या दिवाळीच्या चहाची आठवण झाली. पायजमा दिला, कपडे बदलले, अंथरूण घालून दिलं.

दाराबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण पुरुष सहकाऱ्यांशी बोलताना हा मुद्दा कधी निघतच नाही. एकटी बाई रात्रभर अनोळखी माणसाच्या खांद्याला खांदा लावून झोपते तेव्हा ती पूर्ण झोपत नाही. ओढणी सारखी करत राहते, कोपर आवरत राहते, अर्धा कान जागा असतो. सतरा वर्षं मी तशीच झोपले आणि ते थकणंही प्रवासातच धरलं. दार लावून, ओढणी बॅगेत ठेवून, कुशीवर वळून झोपण्याची किंमत माझ्यासाठी शॅम्पेन आणि कॅव्हिअरपेक्षा कितीतरी मोठी आहे. जेट एअरवेजच्या बोइंग ७७७ मध्येही पुढे दार लागणाऱ्या ८ केबिन होत्या. एप्रिल २०१९ मध्ये जेटच बंद पडली. आता तर दार बिझनेसमध्येही येऊ लागलंय, बऱ्याच कंपन्यांच्या नव्या विमानांत ते असतं. माझ्यासारख्या बाईने तिकीट काढताना क्लासच्या नावापेक्षा त्या विमानात बिझनेसला दार आहे का, हे आधी पाहावं.

चार तास झोपले. मग आंघोळ केली. हो, विमानात. या ए३८० च्या फर्स्टमध्ये दोन न्हाणीघरं आहेत. वेळ ठरवून देतात, आत अर्धा तास थांबता येतं, पण पाणी पाच मिनिटांचं. भिंतीवर दिव्यांची पट्टी असते, ती बघत पाणी बंद-चालू करायचं. लातूरला मामाकडे उन्हाळ्यात एका बादलीत आंघोळ केलेल्या माणसाला पाच मिनिटं पुष्कळ होतात. मला तीन पुरली. जमिनीपासून अकरा-बारा किलोमीटर वर, ओल्या केसांनी आरशात बघताना फार आनंद झाला.

पण एक गोष्ट वरच्या मजल्यावरही तीच होती. हवा. उडताना बहुतेक विमानांच्या आतला दाब समुद्रसपाटीपासून ६ ते ८ हजार फूट उंचीवर असावा तेवढा ठेवलेला असतो. आपलं कळसूबाई साधारण ५ हजार ४०० फूट. म्हणजे तासन्‌तास कळसूबाईच्याही वर बसून राहायचं, आणि हवेतला दमटपणा २० टक्क्यांहून कमी. घसा कोरडा पडतो, डोळे चुरचुरतात, डोकं जड होतं, आणि पाच लाख मोजले तरी यातलं काही टळत नाही. पायात रक्त साकळण्याचंही तसंच. चार तासांहून जास्त न हलता बसलं की धोका वाढतो, मग सीट रुंद असो की अरुंद. मोठ्या सीटवर माणूस आणखीच कमी हलतो. मी दर दीड तासाने उठून विमानाच्या मागच्या बाजूच्या बारपर्यंत चालत जात होते.

दुपारी फ्रँकफर्ट. सुमित बेल्टजवळ भेटला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. "झोपलास का रे?" "नाही मॅडम, दोन्ही बाजूला मोठे लोक होते. हातच कुठे ठेवता येईना." पुढे आयसीई या वेगवान रेल्वेने हॅनोव्हर. गाडीत बसल्याबसल्या त्याची मान खाली गेली, पण वीस मिनिटांत फोन आला. स्टॉलवर मशीन रिकामं मिळणार ते सात ते नऊ एवढंच.

हॉटेलात सामान टाकून थेट प्रदर्शनाच्या मैदानावर. इथून पुढचे तीन तास मला नीट सांगायचे आहेत.

सुमितची एक सवय आहे. फिक्स्चरमध्ये जॉब बसवायच्या आधी तो प्रत्येक पॅडवरून, म्हणजे जॉब जिथे टेकतो त्या जागेवरून, अंगठा फिरवतो. फडक्याने पुसून झाल्यावरही फिरवतो. मी त्याला कधी न फिरवता जॉब ठेवताना पाहिलं नाही. त्या संध्याकाळी फिक्स्चर टेबलावर चढलं, होज जोडले, प्रेशर आलं, त्याने ॲल्युमिनियमचं हाउसिंग, म्हणजे आमचा जॉब, उचलून ठेवलं आणि क्लॅम्प केलं. जॉब किती वाकडा बसलाय ते बघायला इंडिकेटर लावला. २० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत यायला हवं होतं, ६० दाखवत होता. सोडलं, परत क्लॅम्प केलं, ५५. त्याने फिक्स्चरचे बोल्ट सैल करून सगळं अलाइनमेंट पुन्हा केलं. पुन्हा ६०. घाम गळत होता. रेंच हातातून दोनदा निसटला. मशीनवाल्यांचा माणूस घड्याळाकडे बघायला लागला. तिसऱ्यांदा जॉब काढला तेव्हा मी वाकून बघितलं. मागच्या डाव्या पॅडवर नखाच्या टोकाएवढी ॲल्युमिनियमची चकचकीत कपची. मी बोटाने उचलली. त्याने ती बघितली आणि काहीच बोलला नाही. मग पॅडवरून अंगठा फिरवला. चारही पॅडवरून. रीडिंग आलं १२.

रात्रीचे दहा वाजले होते. मशीनवाल्यांनी थांबू दिलं, तो त्यांचा चांगुलपणा.

मी आंघोळ करून, झोप घेऊन, ताजीतवानी उभी होते आणि माझं काम सोमवारी सुरू होणार होतं. ज्याच्या अंगठ्यावर आमची इभ्रत होती तो पुण्याहून निघाल्यापासून जवळजवळ जागाच होता. फर्स्टची ती गादी त्या दिवशी चुकीच्या माणसाखाली होती. हे मला हॉटेलच्या पलंगावर पडल्यावर इतकं स्पष्ट दिसलं की झोप लागायला वेळ लागला.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री अमावास्या. घरी जाऊबाईंनी पान वाढलं, व्हिडिओवर मला दाखवलं. सुमितला दुपारी बारापर्यंत उठवलं नाही. उठल्यावर त्याने स्वतःहून जाऊन सगळं सेटिंग पुन्हा तपासलं.

२२ ते २६ सप्टेंबर

सोमवारी घटस्थापना. माझे नवरात्राचे उपास असतात, बॅगेत राजगिऱ्याचे लाडू आणि खारे शेंगदाणे होते, बाकी केळी. प्रदर्शनाच्या पाच दिवसांत काय झालं ते धंद्याचं आहे, इथे त्याचं काम नाही. फिक्स्चर पाचही दिवस एकदाही न अडता चाललं, एवढं लिहून ठेवते.

एक गप्पा मात्र सांगण्यासारख्या. बुधवारी संध्याकाळी आमच्या स्टॉलवर तिघं-चौघं मराठी जमले होते. कोल्हापूरचे एक फाउंड्रीवाले काका, साठी ओलांडलेले, स्वतःची कंपनी, ठरवलं तर फर्स्टने सहज येतील. ते कायम इकॉनॉमीने येतात. "ताई, झोप हॉटेलात घ्यायची, विमानात न्हाई. मी दोन दिस आधी येतो. पैल्या दिवशी नुसता झोपतो, दुसऱ्या दिवशी बाजारात फिरतो, मग कामाला लागतो. तुमच्या बिझनेसच्या तिकिटात माझं हॉटेल, जेवण आणि नातीचे बूट, सगळं बसतंय."

हिशोब त्यांचा चोख आहे. प्रदर्शनाच्या आठवड्यात हॅनोव्हरला हॉटेलं खूप महाग होतात, तरी दोन जादा रात्री धरून इकॉनॉमीचा खर्च बिझनेसच्या जवळपासही जात नाही. फक्त काकांना दोन दिवस मोकळे काढता येतात, कारण कंपनी त्यांची आहे. नोकरी करणाऱ्या बाईला घरून आणखी दोन दिवस लांब राहायचं म्हणजे मुलीची परीक्षा, सासूबाईंचं डायलिसिस, सगळ्याची पुन्हा जुळवाजुळव. माझ्यासाठी तो एक दिवस एक लाखाहून महाग असू शकतो. काकांच्या वेळेची किंमत काकांनी ठरवावी, माझ्या वेळेची मी. असा विचार करून तिकीट काढणारे फार कमी भेटतात. बहुतेक जण व्हिजिटिंग कार्डावरचा हुद्दा बघून काढतात.

एका मोठ्या कंपनीतले गृहस्थ म्हणाले, ते फर्स्टनेच जातात, दार लावून गोपनीय कागद वाचता येतात. असेल. पण बिझनेसची सीट २००० च्या सुमारास ब्रिटिश एअरवेजने पूर्ण आडवी केली आणि हळूहळू बाकीच्यांनीही. तोपर्यंत फर्स्टकडे स्वतःची अशी एकच मोठी वस्तू होती, पलंग, ती बिझनेसकडे गेली. त्यामुळेच कितीतरी विमान कंपन्यांनी फर्स्ट काढूनच टाकलं. राहिलं ते दार, आंघोळ, हवं तेव्हा जेवण. मी दोन्ही लागोपाठ अनुभवलं आणि सांगते, इकॉनॉमीतून बिझनेसमध्ये गेलं की शरीर बदलतं, बिझनेसमधून फर्स्टमध्ये गेलं की मन सुखावतं. कामासाठी प्रवास करणाऱ्याने पहिल्यासाठी भांडावं. दुसऱ्यासाठी माइल्स असतील तर वापरावेत, रोख घालू नये.

२७ सप्टेंबर, शनिवार

परतीचं विमान फ्रँकफर्टहून रात्रीचं. सुमितला सोमवारी सकाळी रांजणगावला एका ग्राहकाकडे हजर व्हायचं होतं, त्यांची लाइन शुक्रवारपासून बंद होती. मी काउंटरवर विचारलं, माझ्या उरलेल्या माइल्सवर याला बिझनेसमध्ये घेता येईल का. मुलीने बराच वेळ शोधलं. प्रदर्शन संपलेलं, वरचा मजला भरलेला, एकही सीट नाही. मग पैसे भरून त्याला पाय लांब करता येतील अशी सीट घेतली. "मॅडम, कशाला?" असं तो तीनदा म्हणाला.

रात्रीच्या विमानाबद्दल एक शिकलेली गोष्ट. फ्रँकफर्ट-दुबई सहा तासांचं. वर जेवत बसलात तर झोप साडेतीन तास. मी लाउंजमध्येच उपासाला चालतील असे बटाटे खाऊन घेतले, विमानात शिरताच हवाई सुंदरीला सांगितलं की उतरायच्या अर्ध्या तास आधी उठवा, त्याआधी काही नको. पाच तास सलग झोप झाली. बिझनेसचे पैसे वसूल करायचे असतील तर बिझनेसचं जेवण सोडता आलं पाहिजे. मित्रांना हे पटत नाही, त्यांना मेन्यूतलं सगळं घ्यायचं असतं, आणि मग सकाळी मीटिंगमध्ये जांभया देतात.

झोपायच्या आधी फोनवर आमच्या डायरेक्टरसाहेबांना मेल लिहिली. तिकिटाचा क्लास हुद्द्यावर न ठरवता उतरल्यावर काय काम आहे त्यावर ठरवावा. उतरल्याच्या दिवशी जो मशीनला हात लावणार त्याला पलंग द्या, नाहीतर कामाच्या आधी एक पूर्ण मोकळा दिवस द्या. सर्व्हिसची मुलं वर्षाला नऊ-दहा फेऱ्या करतात, मोकळ्या दिवसाचा खर्च फेरीला साधारण तीस-पस्तीस हजार. शनिवारी रात्री त्या एका कपचीपायी स्टॉल हातचा गेला असता तर किती गेले असते, तोही आकडा खाली लिहिला. आणि दिवसाच्या तीन-चार तासांच्या विमानाला माझ्यासकट कुणालाही बिझनेस देऊ नका, हेही.

२८ सप्टेंबर, रविवार

मुंबईला दुपारी उतरलो. बाहेर पाऊस कोसळत होता. गाडीत या वेळी सुमितला मागे बसवलं, मी पुढे बसले. पनवेल मागे पडलं आणि फोन वाजला. साहेबांचं उत्तर होतं, एकच ओळ. "आकडे घेऊन सोमवारी या, बोलू."

सुमितला वाचून दाखवायला मागे वळले. तो हत्यारांच्या बॅगेवर डोकं टेकून झोपला होता, तोंड किंचित उघडं, उजवा अंगठा बॅगेच्या चेनवर. ड्रायव्हरला गाणी बंद करायला सांगितली. बोरघाट चढताना काचेवरून पाणी नुसतं ओघळत होतं.